कीचकाचे मुंडके आणि तात्या विंचू

१९२० साली पुण्यात आर्यन थिएटरला ‘सैरंध्री’ लागला. त्यात भीम कीचकाला ठार करतो. मुंडके धडावेगळे होण्याचा तो प्रसंग इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. हा मूकपट कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणारे हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ, आनंदराव आणि बाबूराव, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून कॅमेऱ्याच्या ध्यासाला लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. मग बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा घरीच तयार केला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवलाला मदत केली. प्रेक्षकाचा थरकाप उडवणारे ते मुंडके या घरगुती खटाटोपातून आले.

तुटपुंज्या पैशात भीती उभी करणाऱ्यांची जात जगभर सारखीच. १९७४ चा ‘डार्क स्टार’ हा अमेरिकी विज्ञानपट जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यार्थिदशेत सुरू केला. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा, हवा भरलेला, रंगवलेला चेंडू! लोक हसले. तीच कल्पना ओबॅननने पुढे घाबरवण्यासाठी वापरली आणि १९७९ चा ‘एलियन’ जन्मला. त्याच्या यशावर स्वस्त चित्रपटांचे पीक आले. रॉजर कॉर्मनच्या ‘गॅलक्सी ऑफ टेरर’मध्ये (१९८१) नेपथ्याचे काम करणारा जेम्स कॅमेरॉन नावाचा तरुण पाच वर्षांनी ‘एलियन्स’चा दिग्दर्शक झाला.

मराठीत ही उसनवारी सर्वांत रंगली ती महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३). मूळ प्रेरणा ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८): मरणारा गुन्हेगार मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि माणसाचे शरीर शोधत फिरतो. कथेचा सांगाडा तिथलाच, हे मान्य करायला हवे. पण त्यावर चढलेले मांस इथले आहे. हॉलिवूडच्या बाहुल्यामागे यंत्रांनी चेहरा हलवणारी तंत्रज्ञांची फौज होती. इथला बाहुला तात्या विंचू घडवला रामदास पाध्ये यांनी. वडील य. के. पाध्ये यांच्याकडून अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा वारसा मिळालेला हा शब्दभ्रमकार. बाहुली नजर कधी वळवते, मान किती कलते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. समोर बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेला लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. त्यामुळे भीती आणि हसू एकाच दृश्यात नांदले. मराठी गावात बाहुलीचा खेळ आधीच ओळखीचा असल्याने प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही, आणि माझ्या मते या चित्रपटाचे खरे यश त्यातच आहे.

चित्रपटातल्या बाबा चमत्कारचा मंत्र आणि कुबड्या खवीस हे पात्र तर लहान मुलांच्या खेळात उतरले. हिंदीत हा चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ होऊन गेला, २०१३ मध्ये त्रिमितीत दुसरा भागही आला.

एक बदल मात्र मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या चकी या बाहुल्याचा जीव हृदयात असतो, गोळी तिथेच लागावी लागते. तात्या विंचूला मारायचे तर नेम धरायचा दोन भुवयांच्या मधोमध, आपण गंध लावतो तिथे.