कंबरभर पाण्याचे गणित

२७ जुलै २०१९ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ पाण्याखाली गेलेले, दोन्ही बाजूंना शेते दिसेनाशी झालेली आणि गाडीत सुमारे १०५० प्रवासी. रेल्वेने त्यांना एकच विनंती केली, गाडीतून उतरू नका. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल मदतीला धावले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले.

त्यानंतर मला बरेच जण विचारत, "पाणी फार खोल नव्हते म्हणतात. मग धडधाकट माणसे उतरून चालत का गेली नाहीत?" अभियांत्रिकीच्या मुलांना मी बरीच वर्षे द्रायुयांत्रिकी शिकवली. या प्रश्नाचे उत्तर त्या विषयाच्या पहिल्या दोन-तीन धड्यांतच आहे आणि ते समजायला अभियंता असण्याची गरज नाही.

द्रायू म्हणजे वाहणारा पदार्थ, मग तो द्रव असो वा वायू. टेबलाला बोटाने आडवे ढकलले तर टेबल विरोध करते आणि जागेवर राहते. पाण्याचे तसे नाही. कितीही हलका आडवा जोर लावा, त्याचे थर एकमेकांवरून घसरू लागतात. म्हणून पाणी भांड्याचा आकार घेते, सखल भाग शोधते आणि गटारातून उलटे घरातही शिरते. इतका मऊ पदार्थ माणसाला काय करणार, असे आपल्याला वाटते. फसगत होते ती इथेच.

कारण पाणी मऊ असले तरी हलके नाही. एका घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलो, म्हणजे एक टन. तेवढ्याच हवेचे जेमतेम सव्वा किलो. पंधरा लिटरची बादली जिन्यावरून वर नेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. याला घनता म्हणतात. हवेपेक्षा पाणी आठशेपट घन आहे. म्हणून त्याच वेगाने येणारे पाणी वाऱ्याच्या सुमारे आठशेपट जोराने ढकलते.

आता थोडा हिशेब करू. साठ किलो वजनाचा माणूस कंबरभर, म्हणजे साधारण एक मीटर खोल पाण्यात उभा आहे. पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहते आहे. त्याच्या पायांवर येणारा रेटा सुमारे पंधरा किलो वजनाइतका असतो. एवढा रेटा आपण सहन करू, असे वाटेल. पण आर्किमिडीजला विसरून चालणार नाही. बुडालेला भाग जितके पाणी बाजूला सारतो, तितके वजन पाणी उचलून धरते. कंबरेपर्यंत बुडालेल्या माणसाचे निम्मे शरीर पाण्यात असते. म्हणजे त्याच्या तळव्यांवर साठऐवजी तीसच किलोचा भार उरतो. जमिनीवरची पकड या भारावर अवलंबून असते. शेवाळलेल्या, गाळाने निसरड्या रस्त्यावर ती बारा किलोच्या आसपास भरेल. रेटा पंधराचा आणि पकड बाराची. माणूस घसरतो.

वेग दुप्पट झाला, तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. पंधराचे साठ किलो होतात. अशा वेगात गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते. मुलांची तर गोष्टच सोडा.

मोटारीलाही हाच नियम लागू आहे. लहान मोटारीचा तळ सुमारे पाच चौरस मीटर. पाणी तळाच्या वर वीस सेंटिमीटर चढले की एक घनमीटर पाणी बाजूला सारले जाते आणि मोटारीवर एक टनाचा उचल जोर येतो. तिचे स्वतःचे वजन साधारण पाऊण ते एक टन. आत पाणी भरेपर्यंत ती होडीच होते आणि चाके जमीन सोडतात. रेल्वेचा डबा मात्र चाळीस टनांच्या आसपास असतो, एकमेकांना जोडलेला असतो आणि उंचावर असतो. त्या सकाळी डब्यात थांबणे शहाणपणाचे होते ते यामुळे.

तिसरा गुणधर्म श्यानता, म्हणजे वाहताना आतल्या आत होणारा विरोध. मधाची श्यानता जास्त, म्हणून तो सावकाश ओघळतो. पाण्याची फार कमी, म्हणून ते वेग घेते आणि खांबामागे, पुलाच्या कडेला भोवरे धरते. पण तीच थोडीशी श्यानता बारीक मातीला मात्र खाली बसू देत नाही. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला दोनेक मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा कण सुमारे तीन तास घेतो, आणि चिकणमातीचा आणखी दहापट बारीक कण दहा-बारा दिवस. पुराचे पाणी उतरल्यावरही दिवसेंदिवस गढूळ राहते ते म्हणूनच. तुरटी फिरवली की हे कण एकत्र येऊन मोठे होतात आणि लवकर बसतात. पण रस्त्यावरच्या पुरात तुरटी कोण फिरवणार? त्या गढूळपणाखाली उघडे मॅनहोल असेल, रुळांखालची खडी वाहून गेली असेल, डोळ्यांना काहीच कळत नाही.

उल्हास आणि अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून उल्हासनगरकडे जाणारी वालधुनी, या दोन्ही नद्यांच्या काठी आपली लाखोंची वस्ती आहे. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या माणसांनी सोसला आहे. पाऊस थांबवणे आपल्या हाती नाही, पण पाण्यात पाय घालावा की नाही, हे आपल्या हाती आहे. त्यासाठी एक सोपी खूण सांगतो. पाणी किती खोल आहे एवढेच पाहू नका, त्याचा वेग पाहा. वाहत जाणारे एखादे पान किंवा चप्पल हेरा. ती चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने जात असेल, तर कंबरभर पाण्यात उतरू नका. धावणाऱ्याच्या वेगाने जात असेल, तर गुडघाभर पाण्यातही नको. उंच जागी थांबा आणि मदतीची वाट पाहा. दोन तास उशीर झाला तरी चालेल, घरी पोहोचणे महत्त्वाचे.