सी हॉकचा राखाडी

गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोच्या बाजूला नौदलाचं विमान-संग्रहालय आहे. तिथलं सी हॉक विमान पाहून मॉडेल करायची हुक्की येते आणि मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवणं सुरू होतं. तसं करू नये. उघड्यावरचं विमान उन्हाने विटतं, त्यावर पुन्हा रंगाचे हात चढतात, आणि कॅमेरा वर आपली छटा मिसळतो. भरवसा ठेवावा ब्रिटिश मानकावर, कारण ही विमानं ब्रिटिश बनावटीची. पाठीवर ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’, बीएस ३८१सी मानकात क्रमांक ६४०. पोटाला ‘स्काय’, क्रमांक २१०. या नावाला भुलून निळी डबी उचलू नका. स्काय फिकट हिरवट असतो.

आता खरी गोम. क्रमांक तंतोतंत जुळवलेला राखाडी १:७२ च्या मॉडेलवर काळपट, जड दिसतो. मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो. ३० सेंटिमीटरला ७२ ने गुणलं तर २१.६ मीटर होतात; तेवढ्या लांबून खरं विमान हवेमुळे जरा फिकट भासतं. म्हणून राखाडीत थोडा पांढरा मिसळायचा. किती, याची कोष्टकं मिळतात, पण मला ती हट्टी वाटतात. प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात बघावं आणि ठरवावं.

छटेइतकाच महत्त्वाचा रंगाचा पिंड. हम्ब्रोलच्या डबीतलं इनॅमल तेलकट. सावकाश वाळतं, त्यामुळे ब्रशचे ओरखडे आपोआप बसतात, पण पुरतं कडक व्हायला दिवस लागतात. तामियाचं अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलवर चालतं. एअरब्रशला झकास, ब्रशला त्रासदायक, कारण दुसरा हात खालच्याला उचलून काढतो. ब्रशनेच रंगवणार असाल तर वायेहोसारखे पाण्यावरचे रंग घ्या. थिनर ज्या त्या कंपनीचाच बरा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर स्वस्त असतो, पण मॉडेलच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर पडला की पृष्ठभाग विरघळतो.

डबी उघडली की वर पातळ द्रव आणि तळाशी रंगद्रव्याचा गाळ. मॅट रंगातली मॅटपणा आणणारी पूडही तळाशीच बसते. अर्धवट ढवळलेला मॅट रंग चकाकतो, आणि दोष उगाच कंपनीला जातो. तळ खरवडून ढवळा. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ हवा: बाटलीच्या आतल्या बाजूला लावला तर ओघळ खाली सरकावा आणि मागे पारदर्शक पापुद्रा राहावा. ब्रशला याहून दाट चालतो, पण फार दाट नको. ०.०५ मिलिमीटरचा थरसुद्धा ७२ पट मोठा केला तर ३.६ मिलिमीटर भरतो. विमानाला एवढा गिलावा कुणी करत नाही! पत्र्यांचे बारीक सांधे त्यात बुजून जातात. दोन-तीन पातळ हात द्यावेत.

त्याआधी भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवून वाळवा, साच्याचं तेल निघून जाईल. मग प्रायमर. अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल चालतं; इनॅमलवर तीव्र थिनरचं लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुतण्याची भीती.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर लॅकर फवारू नये. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. मात्र फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला वाफा अडवणारा मास्क हवाच.