मिठाचा डबा एक, वये मात्र चार

चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलो मिठाची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना घालून दिलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहून पाहावी. महिन्यातच ती संपली, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ खर्ची पडले. दिल्ली-हरियाणातल्या प्रौढांच्या चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सरासरी साडेआठ ग्रॅमच्या आसपास निघाली होती.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बदलीवर आलेल्या मराठी घरांत लोणचे, पापड, ठेचा असतोच. त्यावर दिल्लीची भर पडते: मार्केटमधले गोलगप्पे, चाटवरचे काळे मीठ, ऑफिसात चहाबरोबरची मठरी आणि भुजिया. हे मीठ घरच्या डब्यातून जात नाही, म्हणून हिशेबातही येत नाही.

खरी काळजी घ्यायची ती धाकट्यांची. उष्टावण झाले की बाळाच्या मऊ भातात चिमूटभर मीठ पडते. अळणी कसे खाईल, ही आजीची माया. पण बाळाची जीभ अजून मिठाला सरावलेली नसते आणि मूत्रपिंडेही कोवळी असतात. त्याला लागणारे सोडियम दुधातून आणि साध्या अन्नातून मिळते, म्हणून पहिल्या वर्षी वरून मीठ नकोच. पुढे ब्रिटनची आरोग्यसेवा १ ते ३ वर्षांसाठी दिवसाला २ ग्रॅम, ४ ते ६ साठी ३ आणि ७ ते १० साठी ५ ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगते. वरणात मीठ घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढली, की वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

सैंधव ही पळवाट नव्हे. त्यातही सोडियम जवळपास तेवढेच, आणि आयोडीन बहुधा नसते.

आजोबांचे गणित निराळे. वयाबरोबर चव मंदावते, म्हणून पानात वरून मीठ घेतले जाते आणि रक्तदाब वाढतो. उलट, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना काहींच्या रक्तातले सोडियम फार उतरते. थकवा येतो, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी घरच्यांनी परस्पर अळणी जेवण सुरू करू नये. किती मीठ चालेल, ते डॉक्टरांनी रक्त तपासून सांगायचे असते.