धाव बसते कशी, ढिली का पडते?

सभासद बंधूंनो, जिंतूर भागात ज्यांच्या दारी अजून लाकडी चाकाची गाडी आहे, त्यांनी हे पाहिलंच असेल. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती तापून वाढते. १४ फूट घेराची धाव ५०० अंश सेल्सिअसनं तापली, तर घेर सुमारे इंचभर वाढतो. तशीच चाकावर चढवून लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतं नि पुठ्ठे, आरे करकचून आवळले जातात.

मग चैत्रात धाव ढिली का? उन्हानं लोखंड वाढलं, असं शाळेतली पोरं सांगतात. चूक नाही, पण ३० अंशांचा फरक पडला तरी ती वाढ अर्धा सूतच. खरं तर लाकूड सुकून आकसतं, म्हणूनच आपण चाकं भिजवतो. पुठ्ठ्याला फट दिसली, तर त्या गाडीत ऊस भरू नका. आधी लोहाराकडं न्या.