चौथीचा वर्ग आणि वसईची घंटा

चौथीच्या वर्गात शिवचरित्र सुरू झाले की मुले कशी सरसावून बसतात, हे कोणत्याही गुरुजींना विचारा. ख्रिस्ती संस्थेच्या प्राथमिक शाळेतही निराळे काही घडत नाही. अफजलखानाचा प्रसंग तिथेही तितक्याच आवेशाने वाचला जातो. मात्र बोलता बोलता पोर्तुगिजांचा विषय निघतो आणि एखादा मुलगा शेजारच्याला सहज म्हणून जातो, 'म्हणजे तुमचेच ना रे?' शेजारचा गप्प होतो. त्या क्षणी बाई काय बोलतात, यावर त्या मुलाचे इतिहासाशी पुढे कितपत जमणार हे बरेचसे ठरते.

उत्तर अवघड नाही, पण ते द्यावे लागते. पोर्तुगीज समुद्रावरून आले आणि त्यांची सत्ता गोवा, चौल, वसई, दमण अशी किनाऱ्यालाच राहिली. माढा, बार्शी, कुर्डुवाडी हा मुलूख त्यांच्या अमलाखाली कधीच नव्हता. सोलापूर-नगरकडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून ख्रिस्ती झाले. ते इथलेच, मराठी बोलणारे, पुष्कळसे तर गावकुसाबाहेर ठेवलेले लोक होते. आणि वसईचा ख्रिस्ती माणूस? तोही इथलाच, घरात मराठीचीच बोली बोलणारा.

धर्म आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नऊ वर्षांच्या मुलाला व्याख्या सांगून कळणार नाही. त्याला माढ्याचा किल्ला दाखवावा. हा किल्ला रावरंभा निंबाळकरांचा. घराणे मराठ्यांचे, चाकरी मात्र निजामाची. राजा एका धर्माचा आणि सरदार दुसऱ्या, असे त्या काळी सर्रास चाले. हे दारातले उदाहरण पटले, की पुढची वाट सोपी होते.

मग सुरतेकडे यावे. 1664 च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा ॲम्ब्रोज नावाच्या कापुचिन पाद्र्याच्या निवासाला धक्का लावला नाही, अशी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. पाद्री भले लोक आहेत, असे महाराजांचे मत त्याने दिले आहे. लढाई मुघलांच्या तिजोरीशी होती, प्रार्थनाघराशी नव्हती.

वसईचा प्रसंग 1739 सालचा. चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठी किंमत मोजून किल्ला घेतला. शरण आलेल्या पोर्तुगिजांना निघून जाऊ दिले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात दिली. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावर आल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी, तिच्यावर 1707 हे साल आहे. घंटा चर्चसाठी ओतलेली, टांगली देवळात. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि तिच्यात कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

पण गोड तेवढेच सांगायचे, असेही नव्हे. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, धर्मन्यायालय होते आणि त्याने लोकांचा छळ केला. ख्रिस्ती शाळेतल्या बाईंनीच हे साध्या शब्दांत सांगितले तर त्याला वजन येते. दुसऱ्या कोणाकडून कळले तर तोच टोमणा होतो.

अरण आणि लऊळ ही दोन्ही गावे माढा तालुक्यातलीच. अरणचे संत सावता माळी 1295 मध्ये समाधिस्थ झाले. लऊळला कूर्मदास. महिपतींच्या 'भक्तविजया'त या दोघांच्या कथा आहेत, आणि त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले जस्टिन ॲबट यांनी. हे ॲबट अमेरिकन मराठी मिशनचेच पाद्री. पांडुरंगाने सावतोबांच्या हृदयात दडी मारली, ही कथा वर्गात सांगावी. मात्र सांगताना 'भक्त असे सांगतात' म्हणावे, आणि किल्ल्याबद्दल 'दगड असे सांगतो' म्हणावे. बायबलमधल्या कथांनाही हीच मोजपट्टी. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे, कारण दुसऱ्याची कथा ती दंतकथा आणि आपली तो इतिहास, हा भेद मुले चटकन पकडतात. वर्गात सगळी मुले ख्रिस्ती नसतात, हेही विसरून चालणार नाही. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे 28 वे कलम सांगते. बायबलचा तास वेगळा, इतिहासाचा वेगळा.

राहिली सनावळी. लहान मुलांना 1739 आणि 1897 यांतले अंतर उमगत नाही. एक दोरी घ्यावी, पंचवीस वर्षांची एक पिढी धरून वीतभर अंतरावर गाठी माराव्यात. पहिली गाठ आईची, दुसरी आजीची. कुर्डुवाडीहून बार्शीला धावणारी छोटी गाडी 1897 ची, म्हणजे पाचव्या गाठीच्या जरा पुढे. वसई अकरा गाठींपलीकडे. सावतोबांसाठी जवळजवळ तीस गाठी लागतात, तेव्हा दोरी मोठी आणावी आणि वर्ग पटांगणात न्यावा.