लहान नामफलक व्यवसायासाठी व्हिनाइल छपाई यंत्राची निवड : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील नामफलक व्यवसायाला अलीकडच्या काळात दोन शासकीय निर्णयांमुळे एकाएकी मोठे काम मिळाले. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराच्या 'धाराशिव' या नामांतरास केंद्र शासनाची मान्यता मिळाली व सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचेही नाव बदलले. परिणामी कार्यालये, शाळा व संस्था यांच्या पाट्या नव्याने कराव्या लागल्या. अशा तेजीच्या काळात सोलापूर वा लातूरहून छपाई करून आणणाऱ्या लहान व्यावसायिकास स्वतःचे यंत्र असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नामफलक एकदा लागला की तो पुढील काही वर्षे बदलत नाही. तेजी ओसरते, कर्जाचा हप्ता मात्र पाच वर्षे चालू राहतो. प्रस्तुत लेखात यंत्राच्या निवडीचा विचार याच दृष्टीने केला आहे.

शाई व यंत्राचे प्रकार :

रुंद छपाई यंत्राची निवड ही मूलतः शाईची निवड होय. दहा फुटी सॉल्व्हंट यंत्र फ्लेक्ससाठी स्वस्त पडते. तुळजापूरच्या नवरात्रातील स्वागत फलक, निवडणुका, वाढदिवस यांचे फलक त्यावरच निघतात. तथापि त्यास मोठी जागा लागते, शाईचा वास उग्र असतो व जवळून पाहण्याच्या कामास त्याची छपाई भरड दिसते. पाच ते सहा फूट रुंदीचे इको-सॉल्व्हंट यंत्र व्हिनाइलवर बारीक अक्षरे स्वच्छ उमटवते आणि लहान गाळ्यात मावते; मात्र छपाईनंतर शाईतील द्रावक उडून जाण्यासाठी साधारण एक दिवस थांबूनच लॅमिनेशन करावे लागते. घाई केल्यास व्हिनाइलच्या कडा उचलल्या जातात. २००८ पासून बाजारात आलेली लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित असून ती यंत्रातच उष्णतेने सुकते. त्यामुळे लॅमिनेशन लगेच करता येते, पण वीज अधिक लागते. यूव्ही यंत्र सनबोर्ड, ॲक्रिलिक अशा ताठ पृष्ठभागावरही छापते. त्याची किंमत लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर जाते.

विक्रेता प्रथम डीपीआयचा आकडा सांगतो. रस्त्याच्या पलीकडून वाचल्या जाणाऱ्या दुकानाच्या पाटीस त्या आकड्याचे फारसे महत्त्व नाही. त्यापेक्षा यंत्रात कोणते प्रिंटहेड आहे, ते बदलण्यास किती खर्च येतो आणि तंत्रज्ञ कोठून येणार, हे विचारावे. उमरगा किंवा परंडा येथे यंत्र बसविणाऱ्यास तंत्रज्ञाच्या प्रतीक्षेत गेलेला प्रत्येक दिवस तोट्याचा असतो.

स्थानिक हवामान व वीज :

मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा या यंत्रांना मानवत नाही. हवेत आर्द्रता कमी झाली की प्रिंटहेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळते व छपाईत आडव्या रेघा उमटू लागतात. कोरड्या हवेत व्हिनाइलवर स्थिर विद्युतभार साठून शाईचे थेंबही भरकटतात. त्यामुळे उत्तम अर्थिंग, बंद खोली व हवेत ओलावा राखण्याची सोय हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. छपाई चालू असता वीज गेली तर तेवढे माध्यम वाया जाते आणि हेड झाकले न गेल्यास तेही धोक्यात येते. म्हणून यूपीएस अपरिहार्य ठरतो. शिवाय काम नसले तरी हेड साफ ठेवण्यासाठी शाई खर्ची पडतच असते. आठवड्यातून दोन दिवस चालणारे यंत्र या कारणाने महाग पडते.

आर्थिक हिशेब :

उदाहरणादाखल यंत्र, यूपीएस व लॅमिनेटर मिळून सहा लाख रुपये कर्ज, ११ टक्के व्याज व पाच वर्षांची मुदत गृहीत धरू. मासिक हप्ता सुमारे १३,००० रुपये होतो. माध्यम, शाई व लॅमिनेशन वजा जाता चौरस फुटामागे १० रुपये उरतात असे मानल्यास केवळ हप्त्यासाठी महिन्याला १,३०० चौरस फूट छपाई हवी. १० फूट बाय ३ फूट आकाराची पाटी ३० चौरस फुटांची. म्हणजे दरमहा त्रेचाळीसहून अधिक पाट्या. गाळ्याचे भाडे, मजुरी व वीज यांचा हिशेब यानंतर सुरू होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदानामुळे कर्जाचा भार हलका होतो, ग्राहकांची संख्या मात्र वाढत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून असे प्रकल्प अहवाल करून घेताना यंत्राची पूर्ण क्षमता हेच उत्पादन धरण्याची चूक आवर्जून दाखवून द्यावी.

लेखकाच्या मते कळंब वा भूमसारख्या गावी प्रथम केवळ कटिंग प्लॉटर घेणे अधिक शहाणपणाचे आहे. दुकानाच्या काचेवरील अक्षरे, दिशादर्शक पाट्या ही कामे रंगीत व्हिनाइल कापूनच होतात, त्यांना शाई लागत नाही. येथे देवनागरीची एक अडचण आहे. शिरोरेषा व जोडाक्षरे वेगवेगळ्या आकृत्यांनी बनलेली असल्यास पाते प्रत्येक जोडावर कापते व अक्षराचे तुकडे होतात. म्हणून कापण्यापूर्वी संगणकावर सर्व आकृत्या एकसंध कराव्या लागतात. मोठी छपाई बाहेरून करून आणावी आणि तिची चौरस फुटांत नोंद ठेवावी. मात्र सणासुदीचे व निवडणुकीचे महिने त्या नोंदीत वेगळे दाखवावेत. ते वगळूनही सलग सहा महिने हप्त्यापुरते काम भरत असेल, तर इको-सॉल्व्हंट यंत्राची चौकशी सुरू करण्यास हरकत नाही. त्या वेळीही विक्रेत्याच्या दालनातील छायाचित्र न छापता स्वतःच्या ग्राहकाची मराठी पाटी, स्वतः नेलेल्या व्हिनाइलवर छापून पाहावी.