मंदीत जागेचा भाव खरंच टिकतो का?

मागच्या लेखात आपण डेटा कुठून येतो याबद्दल बोललो होतो. आज त्याच मुद्द्याचं एक उदाहरण देते. ते आमच्या घरातलं आहे, आणि त्यात चूक माझीच आहे.

माझ्या आत्याचा दापोली तालुक्यात सहा गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट होता, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. २०१३ मध्ये तिने आणि काकांनी तो १८ लाखांना घेतला होता. २०१९ मध्ये एक गिऱ्हाईक आलं आणि १४ लाख देतो म्हणालं. आत्याच्या चिपळूणच्या घरावर ९ टक्क्यांचं कर्ज चालू होतं, ते फेडायचं तिच्या मनात होतं. तिने मला विचारलं, "तू इकॉनॉमिक्स शिकतेस ना? मग सांग, देऊ का?"

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी दोन-तीन वेबसाइट बघितल्या, दोन एजंटांना फोन केले. आसपासच्या तशाच प्लॉटचे भाव १९-२० लाख लावलेले होते. मी आत्याला ठामपणे सांगितलं, "मंदी आहे म्हणतात, पण तुमच्याकडे भाव पडलेला दिसत नाही. थांब." ती थांबली.

आता तुम्हीच सांगा, माझं कुठे चुकलं?

बोलीचा भाव आणि व्यवहाराचा भाव

मी बघितले ते मालकांनी मागितलेले भाव. त्यातला एकही प्लॉट विकला गेलेला नव्हता! काही जाहिराती तर दीड-दोन वर्षं जुन्या होत्या. म्हणजे मी बाजाराचा भाव मोजतच नव्हते. विकायला तयार नसलेल्या लोकांच्या अपेक्षा मोजत होते.

शेअर बाजारात मंदी आली की दुसऱ्या मिनिटाला आकडा खाली येतो. जागेच्या बाजारात तसं होत नाही. तिथे आधी व्यवहार कमी होतात आणि भाव नंतर उतरतो. गिऱ्हाईक कमी देऊ बघतं, मालक जुन्या आकड्यावर अडून बसतो आणि सौदाच होत नाही. जे थोडे सौदे होतात ते चांगल्या जागांचे किंवा अगदी अडलेल्या मालकांचे. उरलेल्या सगळ्यांचा भाव काय, हे कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून "भाव स्थिर आहेत" असं वाक्य दिसलं की लगेच विचारायचं, किती व्यवहारांवरून?

बॉस्टनची गोष्ट

मालक असा का अडून बसतो? यावरचा गाजलेला अभ्यास डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांचा, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी घेतलं बॉस्टन, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदराचं शहर. तिथे ऐंशीच्या दशकात फ्लॅटचे भाव भरमसाट वाढले आणि १९८९ नंतर काही वर्षांतच सुमारे ४० टक्क्यांनी कोसळले. दोघांनी १९९० ते १९९७ या काळात शहराच्या मध्यभागात विक्रीला आलेल्या फ्लॅटची नोंद घेतली. यातली मोलाची गोष्ट म्हणजे न विकले गेलेले फ्लॅटसुद्धा त्यात होते. प्रत्येक फ्लॅट मालकाने मुळात केवढ्याला घेतला होता तेही त्यांना माहीत होतं.

प्रश्न असा: आज अगदी सारख्याच किमतीचे दोन फ्लॅट आहेत. एकाच्या मालकाने तो स्वस्तात घेतला होता, दुसऱ्याने तेजीच्या टोकाला. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणेल, जुनी खरेदी किंमत गेली ती गेली, दोघे सारखाच भाव मागतील. प्रत्यक्षात काय झालं? अपेक्षित विक्री किंमत आणि जुनी खरेदी किंमत यांत जेवढा तोटा दिसत होता, त्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम तोट्यातला मालक जास्त मागत होता. हाती येणारी किंमतही थोडी जास्त होती, पण ती त्या तोट्याच्या फक्त ३ ते १८ टक्के. आणि असे फ्लॅट विकले जाण्याचा वेग बराच कमी होता.

हेच आत्याच्या प्लॉटला लावून बघा. तोटा ४ लाखांचा. ढोबळमानाने अशी मालकीण तशाच प्लॉटच्या दुसऱ्या मालकापेक्षा १ लाख ते १ लाख ४० हजार जास्त मागेल. थांबून जास्तीचे मिळतील १२ हजार ते ७२ हजार. तेही विकला गेला तर!

यामागचा विचार डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडला होता: जेवढा नफा आनंद देतो, त्याहून तेवढाच तोटा जास्त टोचतो. आमच्याकडे याला सिद्धांत लागत नाही. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की, "घाट्यात विकलं असं कुणी म्हणायला नको."

२५ ते ३५ असा पट्टा का?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. एकच आकडा न देता दोन का दिले?

समजा एका मालकाने त्या काळच्या मानाने फार जास्त पैसे मोजून फ्लॅट घेतला. याची दोन कारणं असू शकतात. एक, तो फसला. दोन, फ्लॅटमध्ये असं काही चांगलं आहे जे डेटात नाही, उदाहरणार्थ खिडकीतून दिसणारं पाणी. दुसरं कारण खरं असेल तर आज तो जास्त मागतोय यात तोट्याचं दुःख नाही. फ्लॅटच चांगला आहे. हे दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात.

त्यांनी दोन प्रकारे हिशोब केला. पहिल्यात न दिसणाऱ्या चांगुलपणाकडे दुर्लक्ष केलं, त्यामुळे परिणाम खऱ्यापेक्षा मोठा दिसणार. दुसऱ्यात मूळ खरेदीच्या वेळी दिलेली सगळी जास्तीची रक्कम चांगुलपणाची खूण मानली, त्यामुळे परिणाम खऱ्यापेक्षा छोटा दिसणार. खरं उत्तर या दोहोंच्या मधे. माझ्या मते या लेखातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच. अडचण सुटत नसेल तर ती लपवू नका. ती उत्तराला कुठल्या बाजूला ढकलते ते दाखवा आणि दोन्ही टोकं बांधून द्या.

दुसरी शंकाही रास्त आहे. कदाचित मालक दुःखाने नाही, कर्जामुळे अडला असेल. विकून कर्जच फिटणार नसेल तर तो विकेल कसा? याच दोघांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की किमतीच्या मानाने जास्त कर्ज असलेले मालक जास्त भाव लावतात आणि जास्त काळ थांबतात. म्हणून २००१ च्या अभ्यासात त्यांनी कर्जाचा परिणाम वेगळा काढला. तरीही तोट्याचा परिणाम उरलाच. तो गुंतवणूकदारांपेक्षा स्वतः राहणाऱ्या मालकांमध्ये दुप्पट होता.

किनारा असला की आणखी एक गुंता

किनाऱ्यावर मंदीसोबत समुद्राची भीतीही भावात शिरते. बेंजामिन कीज आणि फिलिप मल्डर यांनी फ्लोरिडाचा किनारा तपासला. समुद्रपातळी वाढल्यावर जास्त धोक्यात येणाऱ्या वस्त्यांत २०१३ ते २०१८ या काळात विक्रीची संख्या कमी धोक्याच्या भागांच्या तुलनेत १६ ते २० टक्क्यांनी घटली. भाव मात्र इतरांच्या बरोबरीनेच वाढत राहिले! २०१८ ते २०२० मध्ये कुठे ते तुलनेने सुमारे ५ टक्के उतरले. लेखकांचा अंदाज असा की गिऱ्हाइकांना धोका आधी जाणवला, मालकांना उशिरा. इथेही आधी संख्या पडली, मग भाव. २०१६ मध्ये फक्त भावाचा तक्ता बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसलं नसतं.

कोकणात हा अभ्यास करायचा झाला तर

इथे मोजपट्टीच वाकडी आहे. नोंदणी झालेले दस्त इंडेक्स टू मध्ये सापडतात, पण त्यातली रक्कम रेडी रेकनरच्या आसपास गोळा झालेली असते. कारण सरळ आहे. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीवर भरता येत नाही. शिवाय आयकराच्या नियमांप्रमाणे सरकारी मूल्यापेक्षा फार कमीत विकलं तरी कर त्या मूल्यावर धरला जातो. २०२० पासून यात १० टक्क्यांपर्यंतची सूट आहे. म्हणजे मंदीत खरा भाव त्याच्या खाली गेला, तर कागदावर तो नीट उमटेलच असं नाही.

दुसरं, दोन प्लॉट एकसारखे नसतात. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर दाट लोकवस्ती असेल तर ना-विकास पट्टा ५० मीटरचा आहे, नसेल तर २०० मीटरचा. एकाच रस्त्यावरचे दोन प्लॉट, एकावर घर बांधता येतं, दुसऱ्यावर नाही. त्यात सातबाऱ्यावर सात-आठ नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

म्हणून असा विषय घेणार असाल तर आधी न विकल्या गेलेल्या जागांची यादी तयार करा. कधी विक्रीला काढली, किती मागितले, कितीची बोली आली, मालकाने केव्हा घेतली होती. हे कुठल्याही पोर्टलवर मिळणार नाही. गावात जाऊन, एजंटच्या वहीवरून, चहा पीत पीतच मिळेल.

आत्याचं काय झालं?

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं. कुंपणावर माड आडवे झाले, आणि वर्षभर कुणी प्लॉट बघायलाही आलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला आणि आत्याच्या घराचा तळमजला बुडाला. दुरुस्तीला पैसे हवे होते. २०२२ मध्ये प्लॉट १६ लाखांना गेला.

"बघ, दोन लाख जास्त मिळाले," आत्या म्हणाली. मी गप्प बसले. २०१९ चे १४ लाख ९ टक्क्यांच्या कर्जात भरले असते, तर तीन वर्षांनी त्यांची किंमत १८ लाखांच्या थोडी वर झाली असती. म्हणजे मिळालेले दोन लाख दिसले, गेलेले दोन लाख दिसले नाहीत. अर्थात, भाव दुप्पट झाला असता तर मीच शहाणी ठरले असते. निकालावरून सल्ला चूक म्हणत नाहीये मी. ज्या आकड्यांवरून तो दिला, ते आकडे त्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हते.

तो हिशोब मी आत्याला गेल्या दिवाळीत दाखवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "तेव्हा हे का नाही सांगितलंस?" माझ्या पीएच.डी.चा विषय मी तिथूनच घेतला.